वाफेच्या यंत्राचा भरवसा

मोटरला स्टार्टर कशासाठी लावायचा, असे निलंगा तालुक्यातल्या कुठल्याही विहिरीवर विचारले तर उत्तर चटकन येते: मोटर जळू नये म्हणून. तीन फेजांपैकी एक गेला किंवा भार वाढला, की आतला रिले मोटर बंद पाडतो. तरीही ऐन पाण्याच्या पाळीत स्टार्टर बिघडला की तो बाजूला सारून मोटर थेट जोडणारे, आणि कटआउटमध्ये बारीक तारेऐवजी हाताला लागेल ती जाड तार पिळणारे महाभाग गावोगाव असतात. थेट जोडलेली मोटर काही दिवस झकास चालते. तिच्यात मध्येच बंद पाडणारे काही उरलेलेच नसते. मग एका रात्री वायंडिंग जळते, आणि रिवायंडिंगवाल्याच्या दुकानात सगळा हिशेब चुकता होतो.

ई-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये अनेक वर्षे चालत आलेला एक वाद थेट याच जातीचा आहे. यंत्र ‘मेकॅनिकल’ घ्यावे की ‘रेग्युलेटेड’? वर्षानुवर्षे टिकेल कोणते, दगा कोणते देणार नाही? भारतात ज्या वस्तूच्या विक्रीवर २०१९ पासून बंदी आहे, तिच्या टिकाऊपणाची चर्चा वर्तमानपत्राने कशाला करावी, असे कुणी म्हणेल. पण निलंग्याची मुले बारावीच्या तयारीसाठी लातूरला जातात, पुढे पुण्याला आणि हैदराबादला. दिवाळीला ती घरी येतात तेव्हा बॅगेत पेन ड्राइव्हसारखी दिसणारी एखादी वस्तू असेल, तर आईबापांना ती काय आहे हेच कळत नाही. मुलाला मात्र तिची सगळी तांत्रिक माहिती तोंडपाठ असते. ‘ही चिपवाली आहे, सेफ आहे,’ एवढे त्याने म्हटले की घरातली मोठी माणसे निरुत्तर होतात. म्हणून हा प्रश्न टाळण्यापेक्षा त्याचे सरळ उत्तर दिलेले बरे.

यंत्राची मूळ कल्पना साधी आहे. होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाने २००३ च्या सुमारास आजच्या ई-सिगारेटची पहिली चालती आवृत्ती बनवली. बॅटरीचा सेल, विजेने तापणारी तारेची कॉइल, तिच्याभोवती कापूस आणि कापसात मुरलेले लिक्विड: बहुतेक यंत्रे या चार गोष्टींवर चालतात. लिक्विडमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाचा अर्क आणि बहुधा निकोटिन असते. बटण दाबले की कॉइल तापते, लिक्विडची वाफ होते, आणि ती छातीत ओढायची. फरक आहे तो सेल आणि कॉइल यांच्यामध्ये काय बसवले आहे, यात.

मेकॅनिकल प्रकारात मध्ये काहीच नसते. पितळेची किंवा तांब्याची एक नळी, तिच्यात १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम सेल, खाली दाबायचे बटण. नळी हीच तार. बटण दाबले की सर्किट पूर्ण. या यंत्राचे चाहते अभिमानाने सांगतात की यात बिघडायला आहेच काय? न चिप, न पडदा, न चार्जिंगचा पोर्ट. आटे साफ ठेवा, टोकांवर चढलेला काळेपणा घासून काढा, नळी नातवापर्यंत टिकेल. नळीपुरते ते खरेच आहे. आजोबांचा पितळी अडकित्ता नाही का टिकत!

पण बिघडणारा भाग नाही याचा अर्थ अडवणारा भागही नाही. इथे शाळेतला ओहमचा नियम कामाला येतो. पूर्ण भरलेल्या लिथियम सेलचा दाब ४.२ व्होल्ट. कॉइलचा रोध ०.५ ओहम असेल तर प्रवाह निघतो ८.४ अँपिअर. कॉइल ०.२ ओहमची बसवली की तोच सेल २१ अँपिअर द्यायला लागतो. ०.१ ओहमला ४२. प्रामाणिक उत्पादकाचा चांगला सेल सलग २० ते ३० अँपिअरपर्यंत सोसतो. साधे सेल त्याच्याही अलीकडेच हात टेकतात. म्हणजे कॉइल हाताने वळणाऱ्याने तारेचे दोन वेढे कमी केले, तर सेल मर्यादेबाहेर ढकलला जातो आणि त्याला रोखणारे कुणी नसते. नळीच्या तोंडाशी मधली पिन आणि भोवतालचा आटा यांच्यात अंतर असते जेमतेम मिलिमीटरभर. पिन आत दबली, इन्सुलेशनची बारीक कडी झिजली किंवा सेलचे प्लास्टिकचे आवरण धन टोकाशी फाटले, की शॉर्ट सर्किट. सेल तापतो, आतला वायू कोंडतो, आणि भोवती असते बंद धातूची नळी. अशा कोंडलेल्या नळीचे काय होते, हे फटाका उडवलेल्या कुणालाही सांगायला नको.

रेग्युलेटेड यंत्रात मध्ये चिप बसते. ती कॉइलचा रोध मोजते, शॉर्ट वाटला तर चालूच होत नाही, बटण अडकले तर साधारण दहा सेकंदांत प्रवाह तोडते, सेल फार उतरू देत नाही, उलटा घातला तर नकार देते. सेल उतरत गेला तरी वाफ सारखी राहील अशी शक्ती पुरवते. विहिरीवरच्या भाषेत हा स्टार्टरही आहे आणि सिंगल फेज प्रिव्हेंटरही. पण स्टार्टरसारखाच तो स्वतः बिघडू शकतो. चार्जिंगचा पोर्ट सैल होतो, गळलेले लिक्विड बटणाखाली आणि सर्किटवर उतरते, डाग दिलेला जोड सुटतो, पडदा अंधारतो. दोन-तीन वर्षांनी तसली चिप आणि तसले सुटे भाग बाजारात असतीलच याची खात्री नाही. आतच सेल बंद केलेले छोटे पॉड तर सेल थकला की कचऱ्यात जातात. वापरून फेकायचे जे प्रकार आले, त्यांच्याबाबतीत टिकाऊपणाचा प्रश्नच निर्मात्याने निकालात काढला. त्यांचा कचरा इतका साचला की ब्रिटनने १ जून २०२५ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली.

मग निकाल काय? वस्तू म्हणून मेकॅनिकल नळी जास्त टिकते, आणि वापरणाऱ्याच्या चुकीला रेग्युलेटेड यंत्र जास्त सांभाळून घेते. हे दोन्ही गुण एकत्र मिळत नाहीत. निवडायचेच म्हटले तर विजेची जाण असलेला कुणीही चिपकडे बोट दाखवील. बंद पडलेले यंत्र फार तर खिशाला चाट लावते. बंद न पडणारे यंत्र हातातोंडाशी असते.

याचे दाखले आहेत. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००९ ते २०१६ या आठ वर्षांतल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना नोंदल्या आहेत. त्यांत १३३ जण जखमी झाले. सुमारे ६२ टक्के घटना यंत्र किंवा सुटा सेल खिशात असताना अथवा वापर चालू असताना घडल्या, आणि साधारण चौथा हिस्सा चार्जिंगच्या वेळी. मे २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात ३८ वर्षांच्या माणसाचा जीव गेला. यंत्राचे तुकडे डोक्यात घुसले होते. ते यंत्र मेकॅनिकल प्रकारचे होते. जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला २४ वर्षांच्या तरुणाच्या हातात यंत्र फुटले आणि तुकड्याने मानेतली धमनी कापली. कोट्यवधी वापरणाऱ्यांत अशा घटना थोड्या आहेत, हे मान्य. पण अंगावर उठणारा स्फोट थोड्यांच्या वाट्याला येतो म्हणून तो क्षुल्लक ठरत नाही.

शिवाय दोन्ही प्रकारांत दुबळा दुवा एकच: सेल. लिथियमचा सेल तीनशे ते पाचशे वेळा भरून उतरवला की त्याची क्षमता ठळकपणे घटते, आणि उन्हाने हे म्हातारपण लवकर येते. निलंग्याचा एप्रिल-मे चाळिशी ओलांडतो. दुचाकीच्या डिकीत किंवा गाडीच्या काचेखाली पडलेल्या सेलचे काय होत असेल, ते सांगायला प्रयोगशाळा नको. त्यातही बाजारात जुने सेल नव्या रंगीत आवरणात घालून, वर वाटेल तो आकडा छापून विकले जातात. हे केवळ व्हेपचे दुखणे नाही. रात्री पाणी द्यायला जाताना डोक्याला बांधायच्या टॉर्चमध्ये आणि अनेक पॉवर बँकांमध्ये याच मापाचा सेल असतो. सुटा सेल किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात टाकू नये, आवरण फाटलेला सेल वापरू नये, रात्रभर उशाशी चार्जिंगला लावू नये; व्हेपला कधी हात न लावलेल्या घरानेही हे पाळायला हवे.

इथपर्यंतची चर्चा विजेची झाली. पण यंत्र विश्वासू आहे असे म्हणताना त्याने नेमके कशाचे नियमन केले, हा प्रश्न राहतोच. चिप वॉट सांभाळते. बाटलीत काय आहे ते चिपला कळत नाही. पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०१५ मध्ये दाखवले की ३.३ व्होल्टवर न सापडणारी फॉर्माल्डिहाइडची संयुगे ५ व्होल्टवर वाफेत सापडतात. त्यावर आक्षेप आले की एवढी करपट वाफ कुणी ओढूच शकणार नाही. आक्षेपात तथ्य आहे, आणि तापमान काबूत ठेवणारे यंत्र या बाबतीत नक्कीच बरे. पण २०१९ साली अमेरिकेत जी साथ आली, तिला यंत्राचा प्रकार पुसावा लागला नाही. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ रुग्ण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, मृत्यू ६८. फुफ्फुसे अचानक निकामी होत होती. मुख्य संशय ठरला तो व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर, जे प्रामुख्याने चोरट्या वाटेने विकल्या जाणाऱ्या, गांजातला अंश असलेल्या लिक्विडमध्ये मिसळलेले होते. त्वचेच्या मलमात निरुपद्रवी असलेला पदार्थ छातीत जाऊन बसला. नळी पितळी होती की चिपवाली, याने कुणाचा जीव वाचला नाही.

चोरटी वाट, हा शब्द निलंग्याच्या ओळखीचा आहे. तालुक्याची हद्द कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्याला लागते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि गुटख्याच्या पकडलेल्या गाड्यांच्या बातम्या या सीमेवरच्या पट्ट्याला नव्या नाहीत. बंदीतला माल कसा येतो, कसा विकला जातो, पुडीवर छापलेले आणि पुडीतले यांचा किती संबंध असतो, हे इथल्या माणसाला शिकवायला नको. ई-सिगारेटचे तेच. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात, सगळे गुन्हा. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा ठेवल्यासही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढण्याचा वेगळा गुन्हा कायद्यात लिहिलेला नाही, आणि वसतिगृहातले वकील नेमकी तेवढीच ओळ पाठ करतात. पण जी वस्तू कायदेशीरपणे विकलीच जाऊ शकत नाही तिचे बिल नाही, वॉरंटी नाही, ग्राहक मंचाची पायरी नाही. युरोपीय संघात लिक्विडमधल्या निकोटिनला मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. चोरून आलेल्या बाटलीवर कोणताही आकडा छापता येतो. कॉइल आणि कापूस काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी बदलावाच लागतो. तो आणायचा त्याच वाटेने. अशा व्यवहारात दीर्घकाळ टिकणारे यंत्र कोणते, हे विचारणे म्हणजे पेट्रोल पंप नसलेल्या गावात गाडीच्या इंजिनाची वाखाणणी करण्यासारखे आहे.

बंदीवरचा एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. टपरीवर विडी-सिगारेट खुलेआम मिळते आणि बंदी वाफेवर, हा कुठला न्याय? विसंगती आहेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. ब्रिटनने तर सिगारेट सोडवण्यासाठी व्हेपचा आधार घेतला. तिथे ८८६ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेला, २०१९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या बाजूने नेहमी सांगितला जातो: वर्षाअखेर ई-सिगारेट दिलेल्या गटातल्या १८ टक्के लोकांनी सिगारेट सोडली होती, तर निकोटिनचे च्युइंगम-पट्ट्या वगैरे दिलेल्या गटातल्या ९.९ टक्क्यांनी. जवळपास दुप्पट. दोन्ही गटांना समुपदेशनाची जोड होती, हेही ध्यानात ठेवावे. पण त्याच प्रयोगातला दुसरा आकडा वादात क्वचितच ऐकू येतो. ई-सिगारेटच्या आधाराने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. च्युइंगम-पट्टीच्या गटात असा आधार चालू ठेवणारे ९ टक्के होते. टिकाऊ यंत्राची एवढी चौकशी का होते, याचे उत्तर इथे सापडते. कुबडी महिनाभर लागणार असेल तर तिचे लाकूड सागवानी आहे का, हे कुणी पाहत नाही.

आणि निलंग्याचे तंबाखूचे दुखणे मुळात धुराचे नाहीच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले. पैकी धूम्रपान करणारे लोकसंख्येच्या ३.८ टक्के, तर खाणारे-चोळणारे-लावणारे २४.४ टक्के. देशभरात ई-सिगारेट ओढणारे त्या वेळी ०.०२ टक्के होते. कट्ट्यावर हातात चुना-तंबाखू मळणारे आजोबा, मिश्री लावणाऱ्या आजी, जेवणानंतर पुडी फोडणारे वडील आणि सुपारीच्या सवयीने तोंड पुरते न उघडणारा पंचविशीतला भाऊ, यांच्यासाठी वाफेचे यंत्र कोणत्याच अर्थाने पर्याय नाही. धुराच्या जागी वाफ, एवढाच त्याचा दावा. इथे धूरच नाही. उलट ज्याने कधी विडीला हात लावला नव्हता अशा सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आंब्याच्या किंवा पुदिन्याच्या वासात गुंडाळलेले निकोटिन मिळते. मेंदूची जडणघडण पंचविशीपर्यंत चालते आणि त्या वयात लागलेली निकोटिनची सवय घट्ट बसते. बारावीच्या वर्षात मुलाचे लक्ष उडाले, चिडचिड वाढली, झोप मोडली तर घर अभ्यासाच्या ताणाला दोष देते. तो ताण असतोही. पण दोन तासांनी बाथरूममध्ये जाऊन येणाऱ्या मुलाच्या खिशात काय आहे, हेही एकदा पाहायला हवे. ओरडण्यासाठी नव्हे, विचारण्यासाठी.

विचारल्यावर मुलगा मदत मागेल तर ती उपलब्ध आहे. केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची निःशुल्क दूरध्वनी सेवा तंबाखूच्या पुडीवरही छापलेली असते, फक्त पुडी फोडणारा ती वाचत नाही. दोन मिलिग्रॅमचा निकोटिन च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतो. पण तो चघळत न राहता थोडा चावून गालात दाबून ठेवायचा असतो, आणि अठराखालच्या मुलाला तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. हे उपाय झगमगीत नाहीत. त्यांना रंगीत पडदा नाही, वॉट वाढवायचे बटण नाही, आणि मित्रांना दाखवण्यासारखे तर काहीच नाही.

घरात यंत्र सापडलेच तर ते रागाने चुलीत किंवा उकिरड्यावर पेटलेल्या कचऱ्यात टाकू नये; लिथियमचा सेल आगीत फुटतो. सेल सुटा निघत असेल तर काढावा, दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि जुन्या मोबाइलच्या बॅटऱ्या घेणाऱ्या ई-कचरा केंद्राकडे द्यावा. सेल आतच बंद असेल तर यंत्र न फोडता तसेच द्यावे. लिक्विडची बाटली आधी उचलून ठेवावी, घरात लहान मूल असेल तर पहिल्याच मिनिटाला. तिचा वास गोळ्या-बिस्किटांसारखा गोड असतो, निकोटिन कातडीतूनही शरीरात जाते, आणि त्यातले चमचाभरही दोन वर्षांच्या पोराच्या जिवावर बेतू शकते. पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढण्यात वेळ न घालवता बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे.